शस्त्रक्रियेपूर्वीचा नकाशा

लसीकरण, शुद्ध पाणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे यांमुळे गेल्या अर्धशतकात बालकांच्या आजारांचे स्वरूप पालटले आहे. देवीचे उच्चाटन झाले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. घटसर्प, डांग्या खोकला व गोवर यांनाही मोठा आळा बसला. साथीच्या रोगांचा हा पडदा दूर होऊ लागताच त्यामागे झाकले गेलेले काही विरळ, परंतु गंभीर आजार नजरेस येऊ लागले आहेत. बालकांच्या यकृतात होणाऱ्या गाठी हा त्यांपैकीच एक होय.

पन्नास वर्षांपूर्वी यकृताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या तीन बालकांपैकी जेमतेम एक वाचत असे. आज सुसज्ज केंद्रात वेळेवर पोहोचलेल्या चारांपैकी तीन किंवा त्याहूनही अधिक बालके बरी होतात. हा पालट प्रामुख्याने दोन गोष्टींनी घडविला आहे. एक म्हणजे गाठ आक्रसविणारी औषधे आणि दुसरी म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच यकृताचा आतील नकाशा डोळ्यांपुढे उभा करणारी प्रतिमातंत्रे. पोट उघडण्यापूर्वीच गाठ काढता येईल किंवा नाही, केव्हा काढावी आणि काढल्यानंतर किती यकृत उरेल, हे आज चित्रांवरून बऱ्याच अंशी ठरते. या तंत्रांची ओळख करून घेणे आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यातील बालकाला त्यांचा लाभ मिळावयाचा तर गावपातळीवर काय घडावयास हवे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

दुर्मीळ, म्हणूनच दुर्लक्षित

बालकांच्या यकृतातील कर्करोगांत ‘हेपॅटोब्लास्टोमा’ हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतील असतात. तरीही दर दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्या बालकालाच हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार होती. त्यांतील अदमासे एक चतुर्थांश मुले पंधरा वर्षांखालील धरली, तर साधारणतः दर दीड-दोन वर्षांत जिल्ह्यातील एखाद्या घरी हा आजार येऊ शकतो, असा हिशेब निघतो. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास संपूर्ण सेवाकाळात असा एकही रुग्ण न दिसणे सहज शक्य आहे.

या विरळपणातच धोका आहे. आरंभी गाठ दुखत नाही. मूल खेळत असते, खात असते. आंघोळ घालताना किंवा झबले बदलताना आईच्या हाताला पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांखाली काही कठीण लागते, किंवा पोट वाढल्यासारखे दिसते. मग जंत झाले असतील, माती खाल्ली असेल, कुपोषणाने पोट आले असेल, अशी समजूत करून घेतली जाते. काही ठिकाणी पोट चोळणे, बिब्बा घालणे, डाग देणे असले अघोरी उपायही होतात. यात आठवडे आणि महिने निघून जातात. भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा गाठ बरीच वाढलेली असते.

पोटातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. ती मूत्रपिंडाची असू शकते, यकृतातील रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असू शकते, पुवाचे गळू असू शकते, किंवा कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या कृमीमुळे झालेली पाण्याची गाठही असू शकते. या प्रत्येकीचा उपचार निराळा असल्याने केवळ हाताच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. आत काय आहे, ते पाहणे आवश्यक ठरते.

चार हिश्श्यांचे शेत

यकृत हा शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव होय. बाहेरून तो एकसंध दिसत असला तरी आतून त्याची पद्धतशीर वाटणी झालेली असते. यकृताच्या रक्तवाहिन्यांत घट्ट होणारा द्रव भरून तयार केलेल्या साच्यांचा अभ्यास फ्रेंच शल्यचिकित्सक क्लोद क्विनो यांनी केला आणि यकृताचे आठ खंड असल्याचे १९५० च्या दशकात दाखवून दिले. बालकांच्या शस्त्रक्रियेसाठी हेच खंड एकत्र करून चार मोठे हिस्से मानले जातात.

शेतीच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे चार हिश्श्यांचे शेत आहे. प्रत्येक हिश्श्याच्या मध्यभागी पाणी आणणारा स्वतंत्र पाट येतो. आतड्यांकडील रक्त यकृतात आणणारी मोठी शीर आणि शुद्ध रक्त पुरविणारी रोहिणी यांच्या शाखा म्हणजे हे पाट. पाण्याचा निचरा करणारे चर मात्र हिश्श्यांच्या मधल्या बांधांवरून जातात. हे चर म्हणजे यकृतातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या तीन शिरा होत. या रचनेमुळे एका हिश्श्याचा पाट बंद करून तो हिस्सा काढून टाकला तरी शेजारचा हिस्सा जिवंत राहू शकतो. त्यासाठी शेजाऱ्याचा पाट तुटता कामा नये आणि बांधावरचा चरही शाबूत राहिला पाहिजे.

यकृताला आणखी एक विलक्षण देणगी लाभली आहे. निरोगी यकृताचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून शरीराची गरज भागवू लागतो. त्यापेक्षा कमी उरले तर मात्र बालकाचा जीव धोक्यात येतो.

बालकाच्या बाबतीत चुकीला किती थोडी जागा असते, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. दहा किलो वजनाच्या बालकाचे यकृत तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्याच्या अंगात सुमारे आठशे मिलिलिटर रक्त असते. प्रौढाच्या शस्त्रक्रियेत पेलाभर रक्त गेले तर ते फारसे जाणवत नाही. या बालकाच्या बाबतीत तेवढेच रक्त म्हणजे एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा होय. ‘पोट उघडून पाहू’ या जुन्या पद्धतीला येथे वाव नाही, तो यामुळेच.

चित्र कसे उतरते

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्या किरणांनी हाडे दिसू लागली, पण यकृतासारखे मऊ अवयव सावलीसारखे अस्पष्टच राहिले. आज बालकांसाठी मुख्यतः तीन तंत्रे वापरली जातात आणि तिन्हींचे काम वेगवेगळे आहे.

पहिले तंत्र सोनोग्राफीचे. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडल्या जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, भूल देण्याची गरज नाही आणि खर्चही अल्प येतो. गाठ यकृताची की मूत्रपिंडाची, घट्ट की पाण्याने भरलेली, हे बहुधा याच तपासणीत कळते. डॉप्लर या सुधारित पद्धतीने शिरांमधील रक्ताचा प्रवाहही पाहता येतो. संशयित बालकाची पहिली तपासणी हीच असावी.

दुसरे तंत्र सीटी स्कॅनचे. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. या कार्याबद्दल त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक असंख्य पातळ कापांची चित्रे जुळवितो. शिरेतून विशिष्ट औषध दिले की रक्तवाहिन्या उजळून दिसतात. गाठ कोणत्या पाटाला चिकटली आहे व कोणत्या चरापर्यंत पोहोचली आहे, ते यावरून कळते. हा आजार पसरलाच तर बहुधा प्रथम फुप्फुसात जातो. त्यामुळे छातीचे चित्रणही करण्यात येते. हे काम काही सेकंदांत उरकते. तथापि वाढत्या वयातील पेशींना क्ष-किरणांची बाधा अधिक होऊ शकते. म्हणून बालकाच्या वजनानुसार किरणांची मात्रा कमी करणे आणि अनावश्यक फेऱ्या टाळणे, हा दंडक पाळला जातो. केवळ खात्रीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा सीटी स्कॅन करून घेणे योग्य नव्हे.

तिसरे तंत्र एमआरआयचे. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने चित्र तयार होते. पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना या कार्याबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निरोगी यकृतपेशी शोषून घेतात असे एक औषध देऊन हे चित्रण केले, तर निरोगी भाग उजळतो आणि मुख्य गाठीपासून दूर असलेल्या लहान गाठीही वेगळ्या दिसतात. तपासणीस बराच वेळ लागतो आणि त्या काळात स्थिर पडून राहावे लागते. लहान बालकांना त्यासाठी गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते.

चित्रांच्या जोडीला रक्ताची एक तपासणी महत्त्वाची असते. ‘अल्फा-फीटोप्रोटीन’ या द्रव्याचे प्रमाण बहुतेक हेपॅटोब्लास्टोमा रुग्णांत फार वाढलेले असते. नवजात बालकात ते मुळातच अधिक असल्याने त्याचा अर्थ वयानुसार लावावा लागतो. सामान्यतः गाठीचा लहानसा तुकडाही चित्राच्या मार्गदर्शनाखाली सुईने काढून तपासला जातो. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीने अनेक पालक या तपासणीस नकार देतात. ती सुई चित्र पाहून, यकृताच्या योग्य भागातून नेली जाते आणि कोणते औषध द्यावयाचे हे तिच्याच आधारे ठरते, हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे.

दोनदा मोजणी

युरोपातील बालकर्करोगतज्ज्ञांच्या एका अभ्यासगटाने १९९० च्या सुमारास चित्रे वाचण्याची एक समान पद्धत घालून दिली. तिला ‘प्रीटेक्स्ट’ असे म्हणतात आणि आज ती जगभर वापरली जाते. गाठ एकाच हिश्श्यात असून शेजारचे तीन हिस्से मोकळे असतील तर पहिला गट. लगतचे दोन हिस्से मोकळे असतील तर दुसरा. लगतचे दोन हिस्से मोकळे नसतील, जेमतेम एखादा हिस्सा सुटला असेल तर तिसरा. चारही हिस्से व्यापले असतील तर चौथा. याखेरीज मोठ्या शिरांना वेढा पडला आहे काय, गाठ फुटली आहे काय, फुप्फुसात प्रसार झाला आहे काय, याचीही स्वतंत्र नोंद होते. या पद्धतीमुळे मुंबईचा तज्ज्ञ आणि लंडनचा तज्ज्ञ एकाच भाषेत बोलू शकतात.

पहिल्या चित्रानंतर बहुसंख्य बालकांवर लगेच शस्त्रक्रिया करण्यात येत नाही. आधी ‘सिस्प्लॅटिन’ सारखी औषधे ठरावीक अंतराने दिली जातात. त्यामुळे गाठ आक्रसते, तिची कड स्पष्ट होते आणि शिरांपासून ती मागे हटण्याचा संभव असतो. मग पुन्हा चित्र काढले जाते. शेताची मोजणी जशी पुराच्या आधी आणि पूर ओसरल्यावर करावी, तशी ही दोनदा मोजणी असते. औषधांच्या फेऱ्यांनंतर पहिल्या चित्रात अशक्य वाटलेली शस्त्रक्रिया दुसऱ्या चित्रात शक्य झाल्याचे अनेकदा आढळते. ज्यांची गाठ मर्यादित होती अशा २५५ बालकांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ सिस्प्लॅटिन व शस्त्रक्रिया यांच्या योगाने तीन वर्षांनंतर शंभरांपैकी ९५ बालके जिवंत असल्याचे त्यात दिसून आले.

दुसऱ्या चित्रानंतरही चारही हिस्से व्यापलेले असतील, किंवा मुख्य शिरा सोडवता येणार नाहीत असे दिसले, तर यकृतप्रत्यारोपणाचा विचार होतो. अशा वेळी आई किंवा वडील आपल्या यकृताचा लहानसा भाग देऊ शकतात. दात्याच्या यकृताचा नकाशाही त्याच तंत्रांनी तयार केला जातो. हा निर्णय आधीच होणे महत्त्वाचे असते, कारण शस्त्रक्रिया अर्धवट सोडून नंतर प्रत्यारोपणाकडे वळणे बालकाच्या दृष्टीने अधिक जोखमीचे ठरते.

संगणकावरची रंगीत तालीम

अलीकडच्या काळात या तंत्रांत आणखी एक भर पडली आहे. सीटी स्कॅनच्या पातळ कापांवरून संगणक यकृताची त्रिमित प्रतिकृती पडद्यावर उभी करतो. गाठ, पाट आणि चर निरनिराळ्या रंगांत दाखविले जातात. प्रतिकृती हवी तशी फिरवून पाहता येते, एखादा हिस्सा पुसून टाकता येतो आणि उरलेल्या यकृताचे आकारमान मिलिलिटरमध्ये मोजता येते. शल्यचिकित्सक छेदाची रेषा दोन-तीन प्रकारे आखून पाहतात आणि सर्वांत सुरक्षित रेषा निवडतात. काही केंद्रांत त्रिमित मुद्रणयंत्रावर यकृताची प्रत्यक्ष हातात धरता येईल अशी प्रतिकृतीही तयार केली जाते. प्रत्येक माणसाच्या रक्तवाहिन्यांची मांडणी थोडीफार निराळी असते. एखादी शाखा अनपेक्षित ठिकाणाहून निघालेली असेल तर ती शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हे, आदल्या दिवशीच कळते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

अर्थात तिलाही मर्यादा आहेत. मूळ चित्र धूसर असेल, बालक हलले असेल, तर त्यावरून केलेली प्रतिकृतीही सदोष असते. संगणकावरील छेदातून रक्त वाहत नाही, प्रत्यक्षात ते वाहते. म्हणून नकाशा अनुभवी हाताची जागा घेत नाही. तो त्या हाताला वाट दाखवितो.

जिल्ह्याचा अनुभव

मोठ्या शहरांतील ही साधने ग्रामीण भागाच्या आवाक्याबाहेरची आहेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कर्करोगाच्या बाबतीत या परिसराचा अनुभव वेगळे सांगतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि तेथेच १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांतील खेडीही या नोंदणीत समाविष्ट होती. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून दिली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीस येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

पुढे १९९९ पासून याच जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा तपासणी-अभ्यास केला. एकाच विषाणू-चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटू शकतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. बालकांच्या यकृताचा आजार निराळा आहे, त्यासाठी सर्वांची चाळणी-तपासणी करण्याचे कारण नाही. पण रोग लवकर दिसला तर साधने उपयोगी पडतात आणि तो लवकर दिसण्याचे काम गावात होते, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

गावापासून परळपर्यंत

समजा, परंडा तालुक्यातील एखाद्या अंगणवाडीत दोन वर्षांच्या बालकाचे पोट एका बाजूने वाढलेले दिसले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली वैद्यकीय पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करते. तथापि पथकाच्या पुढील भेटीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीने बालकाला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून सोनोग्राफीसाठी ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. सोलापूरचे शासकीय रुग्णालयही जवळ आहे. घट्ट गाठ आढळल्यास पुढील चित्रण आणि उपचार बालकर्करोगाची सोय असलेल्या केंद्रातच व्हावेत. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ मध्ये स्थापन झाले असून १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. त्याच परिसरात बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयही आहे.

पाठविताना काही गोष्टींची काळजी घ्यावी. गाठ वारंवार दाबून पाहू नये, पोट चोळू नये. झालेल्या तपासणीचे केवळ कागद व फिल्म नव्हे, तर मूळ चित्रांची सीडी सोबत द्यावी. त्या सीडीवरूनच पुढील केंद्रात हिस्से व शिरा नीट पाहता येतात आणि बालकाचे पुन्हा सीटी स्कॅन करणे टळू शकते. जन्मवजन, बाळ अपुऱ्या दिवसांचे होते काय, याची नोंदही द्यावी, कारण अतिशय कमी वजनाच्या बालकांत हा आजार तुलनेने अधिक आढळतो.

खर्चाची चिंता हे उपचार लांबण्याचे मोठे कारण असते. महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना यांखाली अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगावरील उपचारांसाठी साहाय्य मिळते. तेथील आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. शिधापत्रिका, आधार पत्र व बालकाचा जन्मदाखला यांत नावाची किंवा वयाची तफावत असेल तर मंजुरी अडते. ती तफावत निघण्यापूर्वीच दुरुस्त करून देणे ग्रामपंचायत सदस्य व ग्रामसेवक यांना सहज शक्य आहे. कर्करुग्णांसाठी एस. टी. आणि रेल्वेच्या प्रवासभाड्यात सवलत आहे. मुंबईतील दीर्घ मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, तसेच कर्करुग्ण बालकांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड संस्था यांचा आधार अनेकांना मिळाला आहे.

खरी कसोटी त्यानंतर असते. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या, पोट लहान झाले, मूल हसू-खेळू लागले की ‘बरे झाले’ असे समजून पालक पेरणीला किंवा ऊसतोडीला परततात आणि दुसरे चित्र राहून जाते. गाठ अजून आतच असते. औषधांनी मिळवून दिलेली शस्त्रक्रियेची संधी अशी निसटते. मोजणीची दुसरी तारीख चुकू न देणे, त्यासाठी घरच्यांच्या शेताची, जनावरांची आणि मागे राहिलेल्या भावंडांची व्यवस्था लावणे, हे गावाने करावयाचे काम आहे.

शिक्षकांचे कार्य काही वर्षांनी सुरू होते. सिस्प्लॅटिनमुळे काही बालकांची ऐकण्याची शक्ती कमी होते. असे मूल पुढे शाळेत आले आणि हाकेला उत्तर देत नसेल, तर त्याला मंद न समजता पुढच्या बाकावर बसवावे आणि श्रवणतपासणीस पाठवावे. मोठ्या मुलांत होणारा यकृताचा दुसरा कर्करोग बऱ्याचदा कावीळ-बी शी निगडित असतो. तैवानमध्ये १९८४ पासून नवजातांना या काविळीची लस देण्यास सुरुवात झाली आणि तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारतात ही लस २०११ पासून देशभर नियमित लसीकरणात आहे. तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळेल, एवढे पाहिले तरी एक मोठा धोका कमी होतो.

यकृताचा नकाशा काढणारे यंत्र प्रत्येक तालुक्यात असण्याची गरज नाही, कारण दीड-दोन वर्षांत एखाद्याच बालकाला त्याची जरूर पडणार आहे. ते बालक मात्र कोणत्याही वस्तीतले, कोणत्याही घरातले असू शकते. त्याच्या पोटावरचा फुगवटा पहिल्यांदा पाहणारी नजर तज्ज्ञाची नसते. ती आईची, अंगणवाडी सेविकेची किंवा शेजाऱ्याची असते. त्या नजरेने शंका घेतली आणि गावाने ती त्याच आठवड्यात पुढे पोहोचविली, तरच परळच्या पडद्यावर उमटणाऱ्या चित्रात शस्त्रक्रियेला वाट उरलेली असेल.